व्याही, विहीण आणि आठ शिक्के

माझ्या सासऱ्यांच्या घरात डावं-उजवं नसतं. मीठ पश्चिमेच्या फळीवर असतं, चपला दाराच्या दक्षिणेला काढायच्या असतात. लग्न होऊन मी बीजिंगला आले, त्या पहिल्या आठवड्यात सासरे मला म्हणाले, "सूनबाई, उत्तरेच्या गालाला पीठ लागलंय." मी दोन्ही गाल पुसले.

ग्वान शौचांग हे त्यांचं नाव. सदतीस वर्षं त्यांनी सायकलवरून टपाल वाटलं. डोळे बांधून, गोल फिरवून सोडलं तरी ते उत्तर दाखवतात, आणि ते खोटं नाही. माझ्या नवऱ्यानं, लेइनं, लहानपणी खरंच तसं करून पाहिलंय. उत्तर म्हणे त्यांना पोटात कळते.

मला मात्र जिन्यावरून खाली आलं की आपण कुठल्या बाजूनं वर गेलो होतो तेही आठवत नाही. बीजिंगचे रस्ते पट्टीनं आखल्यासारखे सरळ, तरीही एकदा मेट्रोच्या भलत्याच दारानं बाहेर पडले, फोन बंद पडला, आणि घरापासून तीनशे पावलांवर दोन तास हिंडत राहिले. शेवटी सासरे सायकल घेऊन शोधायला आले. रागावले अजिबात नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी चहाचा पेला हातात घेऊन विचारायला लागले, "सूनबाई, उत्तर कुठे?" मी बोट दाखवायचे. ते उसासा टाकायचे. हे चार वर्षं चाललं.

"दिशा रक्तात असावी लागते," ते शेजाऱ्यांना सांगायचे. "असते नाहीतर नसते. हिच्या माहेरीच नसणार, त्याला ही तरी काय करणार!"

हे वाक्य मी एकदा हसत हसत फोनवर आईला सांगितलं. 

माझी आई, रान ग्वांगबी, चोंगछिंगच्या धक्क्यावरून वरच्या बाजारात बावीस वर्षं कावडीनं माल वाहत होती. कोबी, टाइल्स, टीव्ही, एकदा तर डुकराची जिवंत पिल्लं. त्या डोंगरी शहरातली अशी एक पायरी नसेल जिच्यावर तिनं कावड टेकून श्वास घेतला नाही.

"असं म्हणाले का व्याहीबुवा?" ती म्हणाली. "माझ्या साठीला त्यांना घेऊन ये. माझं आग्रहाचं बोलावणं आहे म्हणावं."

तिचा आवाज इतका गोड होता की मला तेव्हाच धास्ती वाटायला हवी होती.

लेइला रजा मिळाली नाही. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. त्यामुळे ऑक्टोबरात मी आणि सासरे असे दोघंच चोंगछिंगला पोचलो. धुकं होतं, सूर्याचा पत्ता नव्हता. "मला सूर्य लागत नाही," सासरे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाय मोकळे करायला एकटेच निघाले. "वीस मिनिटांत येतो."

आईचं घर आठव्या मजल्यावर आहे. समोरच्या दारानं सगळे जिने उतरलं की खालचा रस्ता लागतो. पण इमारत डोंगराला टेकलेली, त्यामुळे मागच्या बाजूनं नवव्या मजल्यावरूनच एक छोटा पूल निघतो आणि थेट वरच्या रस्त्याला मिळतो. सासरे खालून गेले, चढण चढले, आणि परत आले ते वरच्या रस्त्यानं. इमारत ओळखली, दार दिसलं. आत शिरले. हा तळमजला अशी त्यांची खात्री, म्हणून हिशोबानं सात जिने चढले.

दीड तासानं आम्ही त्यांना सोळाव्या मजल्यावर शोधून काढलं. एका अनोळखी म्हाताऱ्याच्या घरात ते चहा पीत बसले होते. आधी त्यांनी त्याला "माझ्या विहिणीच्या घरात बनियनवर काय करताय?" असा दम भरला होता, मग दोघांची ओळख झाली होती.

आईनं दारातूनच विचारलं, "व्याहीबुवा, उत्तर कुठंय?"

"उत्तर आहे तिथंच आहे," सासरे पेला खाली ठेवत म्हणाले. "तुमचं शहर जागेवर नाही, विहीणबाई."

पण त्यांचा कान लाल झाला होता. दुपारी जेवताना त्यांनी तिखट शेवया तर अशा खाल्ल्या की जणू शिक्षाच भोगतायत.

मग आईनं कपाटावरून एक पिवळा कागद काढला. रविवारी शहरातल्या एका क्रीडा मंडळाची शर्यत होती. तिघांचा संघ, तिघंही एकाच घरातले, दोन पिढ्यांचे. कागदी नकाशावर आठ ठिकाणं असणार, आठवं म्हणजे जिथून निघायचं तीच जागा. प्रत्येक ठिकाणी तिघांनी मिळून पोचायचं, कार्डावर शिक्का घ्यायचा. वेळ तीन तास. फोन पाकिटात घालून सील करायचे. सील तुटलं की संघ बाद.

"माझा भाचा आणि त्याची बायको येणार होते," आई म्हणाली, "त्यांनी काल टांग मारली. आता मला दोघं हवेत. पण व्याहीबुवांना नको बाई, परत कुणाच्या तरी घरात शिरतील."

सासऱ्यांनी पेला आपटला. "नाव लिहा माझं."

"आणि तिसरं कोण?" मी विचारलं, आणि दोघांनीही माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, मी फोनशिवाय दुकानातूनसुद्धा परत येऊ शकत नाही. माझ्या पोटात गोळा आला. खरंच आला. नुसतं "रस्ता" म्हटलं तरी तो येतो, लहानपणापासून.

"तू नुसती पळ," आई म्हणाली. "बाकीचं आम्ही बघतो."

रविवारी नऊ वाजता चियालिंग नदीच्या काठी, जुन्या मिठाच्या धक्क्यावर, एकसष्ट संघ उभे होते. लाल, हिरवे, जांभळे सदरे, आणि उजव्या हाताला नदीवर लोंबणारा रोपवेचा पाळणा. कुणी जागच्या जागी उड्या मारतंय, कुणाची आजी घोट्याला मलम लावतेय. सासऱ्यांनी टपालखात्याची जुनी हिरवी टोपी घातली होती. शिट्टी वाजली, नकाशे वाटले गेले, आणि गर्दी फुटली.

पहिला शिक्का सोपा होता. सगळ्यांच्या मागून धावलो आणि मिळाला. नऊ वाजून बारा मिनिटं.

"दुसरा तर हाताशीच आहे," सासरे नकाशावर नख ठेवून म्हणाले. "इथून पूर्वेला दोनशे पावलं."

"दोनशे असतील," आई म्हणाली, "पण तो नकाशा आडवा धरलाय तुम्ही, आणि आमचं शहर उभं आहे."

"विहीणबाई, नकाशा मी सदतीस वर्षं वाचलाय."

"वाचा ना मग. मला कुठं वाचता येतो."

आई दोन यत्ता शिकली होती. ती मुकाट मागून चालायला लागली. तिचं ते मुकाट चालणं मला ओळखीचं होतं. सासऱ्यांनी पावलं मोजली. एकशे अठ्ठ्याण्णव, एकशे नव्व्याण्णव, दोनशे. बरोबर दोनशेव्या पावलावर ते एका पुलाच्या कठड्याला जाऊन टेकले. तिथं शिक्काही नव्हता आणि माणूसही नव्हता.

"खाली बघा," आई म्हणाली.

चौदा मजले खाली, मुंगीएवढा एक माणूस पिवळी छत्री हलवत होता. दुसरा शिक्का बरोबर आमच्या पायाखाली होता. आईनं कठडा धरला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "जागा अगदी अचूक हं, व्याहीबुवा! एक बोटभर इकडेतिकडे नाही! आता उडी मारणार की पायऱ्यांनी येणार?"

खाली उतरून परत वर यायला आमची पस्तीस मिनिटं गेली.  नकाशाची घडी करून सासऱ्यांनी ती माझ्या हातात दिली.

मग आईनं आम्हाला नेलं. काय नेलं! साठ वर्षांची बाई, पण पायऱ्यांवर पाय असा पडायचा की जणू पायरीच वर येऊन तिच्या टाचेला भेटतेय. मी नकाशावरून फक्त ठिकाणाचं नाव वाचायचे. "लोहारांच्या गल्लीतलं देऊळ." ती क्षणभर गुडघ्यांवर हात ठेवायची, जणू त्यांनाच विचारतेय, आणि निघायची. एका घराच्या स्वयंपाकघराला खेटून, वाळत घातलेल्या चादरींच्या खालून, एका सलूनच्या पुढच्या दारानं आत आणि मागच्या दारानं बाहेर. न्हावी "रानबाई, आज कावड कुठे?" म्हणेपर्यंत आम्ही पसार.

"पूर्वेला वळलो का आपण?" सासरे धापा टाकत विचारायचे.

"मला काय माहीत! आपण वांग्यांच्या चढाकडे वळलो."

"म्हणजे?"

"जिथं वांग्यांची पोती खांदा बदलून घ्यावी लागायची, तो चढ!"

तिसरा शिक्का, चौथा, पाचवा. मध्ये लाल सदऱ्यांचा एक संघ आम्हाला तीनदा भेटला, तीनही वेळा समोरून येताना. साडेदहा वाजले होते. मी हसत होते. सासरेही हसत होते, टोपी मागे सरकलेली, घाम टपटपतोय, आणि प्रत्येक वळणावर ते "अरे वा!" म्हणत होते.

सहावा शिक्का जुन्या कापूसबाजारात होता. आई धावत तिथल्या जुन्या जिन्याच्या जागी आली आणि थांबली.

जिना नव्हता. तिथं काचेचा एक प्रचंड मॉल उभा होता.

"इथं पायऱ्या होत्या," आई म्हणाली. "एकशे बारा. वर वडाचं झाड होतं, त्याच्या पारावर आम्ही सगळ्या बसायचो." तिनं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या आईला रस्ता शोधताना पाहिलं. तिचे हात रिकामे लोंबत होते. "मी गुडघा दुखायला लागल्यापासून इकडे आलेच नाही. मला… यिंग, मला काही कळत नाही गं इथलं."

मला वाटलं, आता सासरे टोमणा मारणार. पुलावरचं सगळं व्याजासकट परत करायची संधी होती. त्यांनी माझ्या हातून नकाशा घेतला.

"विहीणबाई, झाड नकाशात कुठे असतं ते बोटानं दाखवता येईल? नदी ही. आपण आलो ते देऊळ हे."

आईनं नकाशाकडे पाहिलं, मग मागे नदीकडे, मग परत नकाशाकडे. बोट घसरत घसरत एका जागी थांबलं.

"शिक्का त्याच्या वायव्येला," सासरे म्हणाले. "चला. माझा हात सोडू नका."

आम्ही मॉलमध्ये शिरलो. आत ना आकाश ना वारा, दिवे सगळीकडे सारखे, सरकते जिने वेडेवाकडे. माझं डोकं पाचव्या मिनिटालाच गरगरायला लागलं. सासरे पुटपुटत होते, "पश्चिम… आता दक्षिण… हा जिना उलटा फिरला, म्हणजे तोंड परत पूर्वेला…" टपालाच्या पिशवीवर ठेवावा तसा एक हात पोटाशी. दोन वळणं, एक लिफ्ट, एक चपलांचं दुकान, आणि एक दार ढकललं तर आम्ही गच्चीवरच्या बागेत, शिक्क्याच्या टेबलासमोर!

"बाप रे," आई म्हणाली. "ह्या पेटीत तुम्हाला दिशा दिसली कुठून?"

"पेटीत सगळ्या गल्ल्या सरळ होत्या, विहीणबाई. माझ्या गावासारख्या."

पण इथं नुसता शिक्का मिळत नव्हता. टेबलामागे चष्मा लावलेली एक तरुण बाई होती. ती म्हणाली, तिघांनी डोळ्यांवर पट्टी बांधायची, एकदा गोल फिरायचं, आणि जिथून शर्यत सुरू झाली त्या मिठाच्या धक्क्याकडे बोट दाखवायचं. तिघांपैकी एकाचं तरी बरोबर आलं पाहिजे. ती विद्यापीठात हाच अभ्यास करत होती: माणसांना दिशा कळते कशी, आणि काहींना का कळत नाही.

सासऱ्यांचं बोट बाणासारखं गेलं. अचूक. आईचं चुकलं. "लिफ्टनं आणलंत मला. पायांना काय कळणार?" ती कुरकुरली. माझी पाळी आली. मी कुठेतरी हात केला.

पट्टी काढली तर ती बाई माझ्याकडे कौतुकानं बघत होती. "बरोब्बर उलट! एक अंशाचाही फरक नाही. ताई, इतकं नेमकं चुकायला काहीतरी माहीत असावं लागतं."

"उलट?" आई म्हणाली आणि एकदम खाली बसली. "अगंबाई. टोपली."

मी साडेतीन वर्षांची होईपर्यंत आई मला पाठीवरच्या टोपलीत घालून कामावर न्यायची. पुढे कावड, मागे मी. माझं तोंड मागे. ती चढायची तेव्हा मी खाली जाणारं शहर बघायचे.

सासरे हे ऐकून इतके खूश झाले की त्यांनी टोपीच काढली. "म्हणजे हिला दिशा आहे! फक्त उलटी बसलीय!"

चष्मेवाली हसली. "एका टोपलीवरून मी काही सांगू शकणार नाही, काका. मला लोकांना विचारताना वेगळंच जाणवतं. काहींना मुळातच जरा सोपं जात असेल, असेलही. पण लहानपणी कोण किती एकटं भटकलं, याचा फार फरक दिसतो. ताई, तुम्हाला लहानपणी एकटं फिरू द्यायचे का?"

मी उत्तर द्यायच्या आत आई बोलली. "नाही."



"हिचे वडील वाळू वाहणाऱ्या होडीवर कामाला होते," आई म्हणाली. "ही दीड वर्षाची असताना नदीत गेले. मिळालेच नाहीत. त्यानंतर मी हिला नजरेआड केलं नाही. शाळेत सोडायला मी, आणायला मी. चौदा वर्षांची घोडी झाली तरी हात धरून. पोरं हसायची हिला. सगळं शहर माझ्या पायांत होतं, आणि मी हिला एक गल्लीसुद्धा एकटीनं चालू दिली नाही." तिनं माझ्याकडे पाहिलं. "मला वाटायचं, ही हरवली तर?"

 चौदाव्या वर्षी त्या हाताचा मला भयंकर राग यायचा. आणि तो सुटला की रडू यायचं.

चष्मेवालीनं शिक्का मारला. "अकरा वाजून आठ मिनिटं," ती हळूच म्हणाली. "काकू, शर्यत चालू आहे."

आई उठली, नाक पुसलं आणि नकाशा माझ्या छातीवर दाबला. "सातव्याला तू न्यायचंस. आम्ही मागे दहा पावलं. तोंड उघडणार नाही. काय व्याहीबुवा?"

"विहीणबाई, वेळ तर बघा—"

"काय?"

"उघडणार नाही," सासरे म्हणाले.

मी पुढे चालायला लागले. सातवं ठिकाण: "लोणच्याची गुहा", कंसात "मोहरीचा पाला". युद्धाच्या काळात डोंगरात खोदलेल्या बोगद्यांत आता दुकानं आहेत, त्यातलंच एक. पहिल्या चौकातच थांबले. डावीकडे उतार, उजवीकडे चढ, समोर बोळ. मागून सासऱ्यांचा खोकला ऐकू आला, आणि पाठोपाठ "आई गं!", आईनं त्यांना कोपर मारलं होतं.

मी मनाशी म्हटलं, यिंग, तुला दिशा कळत नाही, पण चार वर्षं रोज हरवून तुला एक गोष्ट येते. तुला विचारता येतं. फोन बंद होते, तोंड बंद नव्हतं! आणि कुणाला विचारायचं हे माझ्याइतकं कुणाला कळत असेल? घाईतल्याला नाही. तरुणाला नाही, तो फोन काढतो. फाटकाशी बसून भाजी निवडणाऱ्या बाईला विचारायचं.

तशी एक होती. "मावशी, लोणच्याची गुहा?"

"मुळ्याचं हवं की मोहरीच्या पाल्याचं?"

"पाल्याचं!"

"मग इकडून. मुळ्यावाला वेगळा." तिनं सुरीनं उतार दाखवला. मी पळाले. पुढे चप्पल शिवणारा, मग पिंजऱ्यातला पक्षी घेऊन निघालेले आजोबा. एकदा चुकले, एका बंद अंगणात शिरले. तिथं मागे वळून पाहिलं तर व्याही-विहीण दोघंही तोंडावर हात दाबून उभे, डोळे बाहेर आलेले. मला इतकं हसू आलं की पोटातला गोळा कुठे गेला ते कळलंच नाही. परत फिरले, दुसरं वळण घेतलं, आणि नाकात आंबट-तिखट वास भरला.

गुहा! थंडगार बोगदा, दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीच्या बरण्या. दुकानदारानं शिक्का मारला. "अकरा शेहेचाळीस. चौदा मिनिटांत धक्क्यावर? अवघड आहे, ताई."

बाहेर येताच दोघांचं मौन फुटलं.

"पूर्वेचा रस्ता!" सासरे ओरडले. "लांब आहे, पण पक्का!"

"त्यानं अर्धा तास लागेल! वरून टेकडी ओलांडायची, दोनशे पायऱ्या, आणि खाली!"

"गुडघे दुखतात म्हणाला होतात ना? धुक्यात दोनशे पायऱ्या?"

"माझे गुडघे मी बघेन!"

मी त्यांच्याकडे बघतच नव्हते. धुकं जरा विरळ झालं होतं आणि दोन इमारतींच्या फटीतून वर रोपवेचा पाळणा दिसत होता, नदीकडे घसरत जाणारा. तो पाळणा धक्क्यावरून दिसला होता, उजव्या हाताला. आणि तो पूल, चौदा मजल्यांचा, तो असा. मॉलची काच तिथं. आणि एकाएकी, मी काहीच न करता, ते सगळं आपापल्या जागी जाऊन बसलं. अंधाऱ्या खोलीत कुणी दिवा लावावा तसं. हा समोरचा खडक, ज्याच्या पोटात गुहा होती, त्याच्याच पलीकडच्या अंगाला, खाली, मिठाचा धक्का! आम्ही पाठीमागे उभे होतो. आणि गुहेत माझ्या तोंडावर वारा आला होता. लोणच्याच्या वासाखाली ओल्या गाळाचा वास होता. बंद बोगद्यात वारा कुठून येईल?

"आत चला," मी म्हटलं.

"आत?" दोघं एकदम म्हणाले.

मी धावत परत शिरले. "काका, बोगदा पलीकडे उघडतो ना? नदीच्या बाजूला?"

दुकानदारानं डोकं खाजवलं. "उघडतो. मागे दार आहे. कडी लावलेली नाही. पण आजवर कुणी विचारलं नाही."

"नकाशात नाहीये हे," सासरे म्हणाले.

"माझ्या वेळी हे सरकारनं बंद केलेलं होतं," आई म्हणाली.

"पळा!" मी ओरडले. त्या दोघांवर मी आयुष्यात पहिल्यांदाच ओरडले, आणि दोघं पळाले.

बरण्या, बरण्या, बरण्या. मग बरण्या संपल्या आणि नुसता दगड, छतावरून गळणारं पाणी, लांब लांब टांगलेले दिवे. आईची धाप, सासऱ्यांच्या बुटांची फटफट, सगळं चौपट होऊन घुमत होतं. एक वळण आलं आणि क्षणभर वाटलं, चुकलं, सगळं चुकलं. मग वारा आला. तोंडावर, सरळ, गार. मी हसले की किंचाळले आठवत नाही. लोखंडी दार होतं, गंजलेलं. मी आणि सासऱ्यांनी खांदा लावला, आईनं मागून आम्हा दोघांना लोटलं, आणि दार करकरत उघडलं.

खाली नदी. साठ-सत्तर पायऱ्या, त्यांच्या पायथ्याशी धक्का, रंगीबेरंगी सदरे, आणि घड्याळाखाली हातात शिट्टी घेऊन उभा असलेला माणूस.

"माझा हात धर," आई म्हणाली, सवयीनं. मग तिनंच तो मागे घेतला. "नको. तू हो पुढे. मी येते."

अकरा सत्तावन्नला तिघांच्या कार्डावर आठवा शिक्का पडला.

आमचा नंबर तेविसावा आला. बक्षीस पहिल्या तिघांना होतं. पण आईनं शिक्केवाल्याला मिठी मारली, सासऱ्यांनी टोपी हवेत उडवली आणि ती नदीत पडली, आणि ते लहान मुलासारखे टाळ्या पिटत राहिले. लाल सदऱ्यांचा संघ साडेबाराला आला, तोही दुसऱ्याच बाजूनं.

दुपारी आईच्या साठीचं जेवण झालं. लांब शेवया, मासा, आणि सासऱ्यांसाठी वेगळं बिनतिखटाचं भांडं, ज्याला त्यांनी हातही लावला नाही. दारूचे दोन पेले पोटात गेल्यावर ते म्हणाले, "विहीणबाई, एक सांगतो. आमचा लेइसुद्धा हरवतो. परवा स्वतःच्या ऑफिसच्या मागच्या दारानं बाहेर पडला आणि मलाच फोन केला, 'बाबा, मी कुठे आहे?' मी कुणाला बोललो नाही. माझंच रक्त ना ते!"

आईनं चॉपस्टिक खाली ठेवल्या. "आणि चार वर्षं माझ्या पोरीला उत्तर विचारत होता?"

"चुकलं," सासरे म्हणाले. मग जरा वेळानं, "मी सात वर्षांचा होतो, तेव्हा माझी आई मला बाटली देऊन सहा गल्ल्या पलीकडे व्हिनेगर आणायला धाडायची. पहिल्यांदा मी रडत रडत संध्याकाळी परत आलो होतो. बाटली रिकामीच. दुसऱ्या दिवशी तिनं परत धाडलं. आम्ही लेइला कुठंच धाडलं नाही. घरी व्हिनेगरची पेटीच आणून ठेवायचो."

 आईनं माझ्यासमोरचं ताट उचललं.

"बाहेर जा," ती म्हणाली.

"आत्ता? आई, वाढदिवस तुझा आहे."

"म्हणूनच सांगते. एकटी जा. नदीपलीकडे जा हवं तर. अंधार पडायच्या आत परत ये, म्हणजे झालं." तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण ती दार उघडून उभी राहिली.

मी गेले. आधी माहीत असलेल्या रस्त्यानं, मग अर्धवट माहीत असलेल्या. मग एका वळणावर मुद्दाम अजिबात माहीत नसलेल्या रस्त्यानं वळले. पाऊण तासात मी पूर्ण हरवले होते. एका पायरीवर बसून भाजलेलं रताळं खाल्लं. खाली कुठेतरी बोटीचा भोंगा वाजला, आणि मी रताळं हातात धरूनच उठले, कारण तो भोंगा नदीचा होता, म्हणजे नदी त्या अंगाला होती, म्हणजे शर्यतीतला तो पूल तिच्या वरच्या अंगाला असणार. आणि तो खरंच तिथं आहे का हे बघितल्याशिवाय मला राहवेना.